सोव्हिएत काळातले साध्या लोकांचे फोटो एवढे उदास का दिसतात? लोक खरंच तसे जगत होते का?

उदास दिसतात कारण त्यातले निम्मे हिवाळ्यात काढलेत आणि वर ब्लॅक अँड व्हाइट. एवढंच लिहून थांबलो असतो, पण असा एक फोटो मी स्वतः काढलाय आणि त्यावरून आमच्या घरात अजून भांडण चालू आहे.

मी 1985 ते 91 खारकोव्हला, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत युक्रेनमध्ये, इंजिनिअरिंगला होतो. तिथे एका सीनियरकडून जुना फेड कॅमेरा घेतला. फेड म्हणजे खारकोव्हचंच प्रॉडक्ट, माकारेन्को नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने चालवलेल्या बेघर पोरांच्या वसाहतीत 1934 च्या सुमारास लायका या जर्मन कॅमेऱ्याची कॉपी मारून सुरू झालेलं, आणि नाव कोणाचं तर गुप्त पोलिसांच्या फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्कीचं, त्याची आद्याक्षरं म्हणजे फेड! फिल्म स्वेमा या तिकडच्याच कंपनीची. ती कॅसेटशिवाय मिळायची, नुसती काळ्या कागदात गुंडाळलेली, मग दोन ब्लँकेटखाली हात घालून चाचपडत भरायची. निम्म्या रोलवर माझ्याच बोटांचे ठसे.

तर 86 चा डिसेंबर, नवीन वर्षाला तीन दिवस राहिलेले आणि दुकानात मँडरिन आले. म्हणजे छोटी संत्री. तिकडे नवीन वर्ष मँडरिनशिवाय होत नाही, आपल्याकडे दिवाळी चकलीशिवाय होत नाही तसं. मी पण रांगेत. रांगेत म्हणजे, जाऊन विचारायचं "क्तो पस्लेद्नी?", शेवटचा कोण, तो मान हलवतो, मग तुम्ही त्याच्यामागे, आणि खुशाल फिरून या, नंबर कुठे जात नाही. दुकान जवळ आलं की मात्र सगळे आपापल्या जागी. माझ्या पुढे एक आजी होती. तिला म्हटलं जागा धरा, समोरून एक फोटो काढून येतो, तर ती खेकसलीच, रांगेचा कसला फोटो काढतोस, चौकात एवढं मोठं झाड सजवलंय ते काढ की! पण जागा धरली बरं का. साडेचार वाजलेले, उजेड चाललेला, फिल्म स्लो, शटर तीसवर, म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या भागावर, त्यामुळे अर्ध्या लोकांचे चेहरे हललेत. आणि नेमकं तेव्हाच आतून कोणीतरी ओरडलं की माल सगळ्यांना पुरेल. लोक खूश होते हो! फोटोत मात्र करड्या बर्फात करडे कोट, जणू मयताला आलेत.

88 च्या सुट्टीत तो फोटो सोलापूरला मोठ्या मामांना दाखवला. मामा गिरणीतले, लाल बावटावाले. म्हणाले फाडून टाक, असले फोटो दाखवून शत्रूच्या हातात कोलीत देतोस. आणि आता आमचे मेहुणे, न्यू जर्सीवाले, दर इलेक्शनला तोच फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतात, खाली "हेच हवंय का तुम्हाला?" दोघांपैकी एकाने तरी विचारावं ना की रांग कशाची होती! मी दोन किलो घेऊन आलो होतो, गोड होती.

बरं, फोटोत रस्ताच का दिसतो, तर घरात काढायला फ्लॅश नव्हता. सल्तोव्हका या खारकोव्हच्या वस्तीत एका मित्राचं घर होतं, सहा चौरस मीटरचं किचन, त्यात आम्ही आठ जण, पहाटेपर्यंत चहा आणि वाद. खरं आयुष्य तिथे होतं, आणि त्याचा माझ्याकडे एकही फोटो नाही. 2022 मध्ये त्या सल्तोव्हकावर रशियाने तोफा डागल्या, इमारतीच्या इमारती गेल्या. (हो, तेव्हा आम्ही युक्रेनला पण सरसकट रशियाच म्हणायचो. चूक होती.) स्टेशन, पूल यांचे फोटो काढायला बंदीच. एकदा एका पोलिसाने माझा अख्खा रोल उजेडात ओढून काढला. म्हणजे तुम्ही जे बघताय ते उरलंसुरलं आहे.

आता हेही सांगतो, मला स्टायपेंड 90 रुबल होता, वर्गातल्या तिकडच्या पोरांना 40, आणि मी कधीही घरी परत येऊ शकत होतो. मित्राची आई कामावरून सुटल्यावर रोज कुठल्या ना कुठल्या रांगेत असायची, तिला त्यात कसली आली मजा. शेवटी शेवटी तर साखरेलाही कूपन लागायला लागलं. त्यामुळे मेहुणे अगदीच चूक नाहीत, पण हे मी ग्रुपवर लिहिणार नाही.

असे फोटो बघताना चेहरे सोडा, कॅमेऱ्यात बघून तिकडे अनोळखी माणसाला कोणी हसत नाही. हातातल्या पिशव्या बघा. त्या जाळीच्या पिशवीला "अव्होस्का" म्हणायचे, अव्होस म्हणजे "मिळालं तर मिळालं", म्हणून कायम खिशात. माझ्या फोटोत आजीच्या पिशवीतून मँडरिन नाही, पावाची लादी दिसते. आणि तिच्या मागे एका माणसाएवढी मोकळी जागा आहे, ती माझी. मेहुण्यांनी फोटो टाकताना नेमकी तेवढी बाजू कापलीय.