वाचकांचे प्रश्न : भाचीचे लग्न आणि बोक्याचे इन्सुलिन

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहतो. आमच्या ९ वर्षांच्या बोक्याला ३ आठवड्यांपूर्वी मधुमेह असल्याचे निदान झाले. तेव्हापासून सकाळी ७ आणि संध्याकाळी ७ वाजता त्याला ग्लार्जिन इन्सुलिनचे एकेक युनिट टोचतो. मे महिन्यात भाचीच्या लग्नासाठी ४ दिवस ब्रह्मपुरीला जायचे आहे. बोक्याला एसटीने सोबत न्यावे, की तेवढे दिवस इन्सुलिन बंद ठेवले तर चालेल? घरी धाकटी जाऊ राहील, पण तिला सुईची भीती वाटते.

उत्तर : ताई, इन्सुलिन ४ दिवस बंद ठेवू नका. इन्सुलिन मिळाले नाही तर शरीर चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन साचतात आणि मांजर खाणे सोडून ओकू लागते. ही अवस्था जिवावर बेतू शकते. शिवाय सुरुवातीपासून साखर नीट ताब्यात राहिली, तर काही मांजरांचे इन्सुलिन पुढे बंदही करता येते. ती संधी तुमच्या बोक्याला मिळावी, असे मला मनापासून वाटते.

त्याला सोबत नेण्याचा सल्लाही मी देणार नाही. मांजर घाबरले की केवळ त्या ताणानेच त्याची रक्तशर्करा चढते, आणि परक्या लग्नघरी ते दोन दोन दिवस तोंडात घास घेत नाही. न खाल्लेल्या मांजराला नेहमीची मात्रा दिली तर साखर धोकादायक उतरू शकते. त्यात आपल्याकडचे मे महिन्यातले ऊन आणि एसटीतली कोंडलेली पिशवी.

म्हणून जाऊबाईंनाच तयार करावे, आणि त्यासाठी निघण्याआधीचा पूर्ण आठवडा द्यावा. पहिले दोन दिवस त्यांनी नुसते पाहावे, नंतर तुमच्या देखत स्वतः टोचावे. बोका ताटलीत तोंड घालून खात असताना पाठीवरची सैल कातडी चिमटीत उचलली की खाली छोटा तंबू होतो. त्याच्या बुडाशी सुई घातली तर बहुतेक मांजरे मान वर करूनही पाहत नाहीत. टोचल्यावर केस ओले लागले किंवा औषधाचा उग्र वास आला, तर मात्रा बाहेर सांडली असे समजावे, पण दुसऱ्यांदा टोचू नये. एखादी मात्रा चुकली तर सहसा फार बिघडत नाही. दुप्पट गेली तर जीव जाऊ शकतो. दिली की नाही असा संशय आला तरी त्या वेळची सोडावी. दिनदर्शिकेवर प्रत्येक वेळी खूण केली की हा प्रश्नच उरत नाही.

सिरिंजबाबत मी फार आग्रही आहे. बाटलीतले ग्लार्जिन १०० युनिटांचे, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १०० युनिटे असलेले असते, त्याला नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. औषधाच्या दुकानात लाल टोपणाची, म्हणजे ४० युनिटांची, सिरिंजही सर्रास मिळते. तिच्यात १ युनिटाच्या खुणेपर्यंत हे औषध भरले तर प्रत्यक्षात अडीच युनिटे जातात. पुरेशा सिरिंज तुम्हीच आणून ठेवा आणि जाऊबाईंना दुकानात पाठवू नका.

बाटली फ्रिजच्या दारात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीही नको. वीज बराच वेळ गेली तर ती कोरड्या डब्यात घालून, ओल्या वाळूवरच्या माठात सावलीला ठेवावी. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात माठ चांगला गार राहतो. ग्लार्जिन पाण्यासारखे स्वच्छ दिसते, ते गढूळ झाले तर वापरू नये.

बोका झोकांड्या खाऊ लागला, थरथरला किंवा एकाएकी मलूल पडला, तर बोटाने मध किंवा ग्लुकोजचे दाट पाणी हिरड्यांवर चोळावे, झटके येत असतील तर तोंडात बोट न घालता ओठांच्या कडेला लावावे, आणि लगेच डॉक्टरांना फोन करावा. तो जेवलाच नाही तर इन्सुलिन टोचण्याआधी डॉक्टरांना विचारावे. फोन लागला नाही तर काय करायचे, हे आजच त्यांच्याकडून लिहून घ्या.

आहार मात्र या काळात बदलू नका. दूध-पोळी सोडवून मांसाहारावर आणणे त्याच्या हिताचेच आहे, पण पिठूळ अन्न कमी झाले की इन्सुलिनची गरजही घटते, आणि तुम्ही ब्रह्मपुरीला असताना तीच मात्रा त्याला जास्त होईल. साखरेचा दिवसभराचा आलेख, म्हणजे दर काही तासांनी रक्तशर्करा मोजून केलेली नोंद, अजून काढला नसेल तर निघण्याच्या निदान १० दिवस आधी काढून घ्या. गावाजवळ सोय नसल्यास अकोल्याची पशुवैद्यकीय संस्था किंवा नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय येथे चौकशी करता येईल. त्यानंतर डॉक्टरांनी मात्रा बदलली, तर नवी मात्रा आठवडाभर तुमच्या डोळ्यांदेखत जाऊ द्या आणि मगच निघा.