'मी फक्त ओळख करून देतो', तरी नोंदणी लागते का?

प्रश्न : ताई, सिन्नरला माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. खरेदीखताच्या कामाला आलेले लोक 'एखादा फ्लॅट सुचवा' म्हणतात. मी त्यांना नाशिकच्या एका बिल्डरकडे पाठवतो आणि बुकिंग झालं की तो मला एक टक्का देतो. मी कुठेही सही करत नाही. आता तो म्हणतो, आधी रेराचा नंबर आणा. गावाकडच्या जमिनींच्या व्यवहारातही मी मध्ये असतो. मला खरंच नोंदणी करावी लागेल का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : हो, करावी लागेल. बिल्डर बरोबर सांगतोय. सही न केल्यामुळे तुम्ही बाजूला राहता, हा समज आधी सोडा. 2016 च्या रेरा कायद्यात, म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांचं नियमन करणाऱ्या कायद्यात, एजंटची जी व्याख्या आहे, तिच्यात घेणारा आणि विकणारा यांची कुठल्याही माध्यमातून गाठ घालून देऊन मोबदला घेणारा माणूस येतो. त्याला दलाल म्हणा, मध्यस्थ म्हणा, नावाने फरक पडत नाही. मेव्हण्याला चांगलं घर दाखवलं आणि कोणाकडून एक पैसाही घेतला नाही, तर गोष्ट वेगळी. तुम्ही टक्का घेता.

रेरात नोंदलेल्या प्रकल्पातलं घर नोंदणीशिवाय विकायला मदत केली, तर दिवसाला 10,000 रुपये दंड होऊ शकतो आणि तो वाढत वाढत त्या घराच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत जातो. त्यापुढे नोंदणीचा खर्च काहीच नाही. नियमांप्रमाणे एकट्या व्यक्तीला शुल्क 10,000 रुपये, मुदत 5 वर्षं. त्याआधी महारेराचं, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाचं, प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावी लागते, कारण 2024 पासून ते प्रमाणपत्र सक्तीचं आहे. नंबर मिळाला की तुम्ही जमवून दिलेल्या प्रत्येक व्यवहाराच्या कागदावर तो आला पाहिजे. आणि ज्या प्रकल्पाला नोंदणी हवी असूनही ती झालेली नाही, तिथे गिऱ्हाईक पाठवूच नका, बिल्डर कितीही ओळखीचा असो.

सोसायटीतल्या जुन्या फ्लॅटची पुनर्विक्री किंवा निव्वळ शेतजमिनीचा सौदा यात ही नोंदणी सहसा आड येत नाही. पण शेताचे प्लॉट पाडून विकायला काढले आणि क्षेत्र 500 चौरस मीटरच्या वर असलं, की तो रेराखालचा प्रकल्प झाला आणि नोंदणी लागते.

जमिनीबद्दल मला जास्त काळजी वाटते. माझ्याकडे एक शिक्षक दांपत्य आलं होतं. निवृत्तीच्या पैशांतला मोठा हिस्सा त्यांनी इसार म्हणून देऊन टाकला होता. सातबारा हातातच होता आणि त्यावर 'भोगवटादार वर्ग 2' स्पष्ट छापलेलं होतं. अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. विकली तर शर्तभंग होतो. शिवाय दोघांपैकी कोणीही शेतकरी नव्हतं, आणि बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायची तर कूळकायद्याच्या कलम 63 खाली परवानगी लागते. मध्यस्थ त्यांना म्हणाला होता, 'ते नंतर होऊन जातं.' हे वाक्य तुमच्या तोंडून कधीही निघू देऊ नका. माणूस तुमच्या शब्दावर पैसे मोजतो. ताजा सातबारा काढा, 'इतर हक्क' रकाना ओळीओळीने वाचा, वारसांचे फेरफार बघा, आणि वकिलाकडून मालकी तपासल्याचा सर्च रिपोर्ट येईपर्यंत इसार होऊ देऊ नका. कुलमुखत्यारपत्रावर 'जमीन नावावर झाली' असं कोणी सांगत असेल, तर ते खरं नाही. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलंय.

इसाराची रोकड स्वतःच्या गल्ल्यात ठेवत असाल, तर आजच थांबवा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेतली, तर घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो, मग व्यवहार पुढे मोडला तरी. रक्कम थेट मालकाच्या खात्यात चेकने किंवा बँकेतून जाऊ दे. तुमचं कमिशन किती, कोण देणार आणि कधी, हे दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी एका कागदावर आधीच लिहून घ्या.