वाचकांचे प्रश्न : मधुमेह आणि अंतःस्रावी विकारांवरील संशोधनासाठी अनुदान

संशोधन अनुदानाविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे या वेळच्या सदरात देत आहोत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : एंडोक्रायनॉलॉजीतील (संप्रेरके व अंतःस्रावी ग्रंथींच्या शास्त्रातील) उच्च शिक्षण मी नुकतेच पूर्ण केले आहे. मधुमेहावर संशोधन करण्याची इच्छा आहे, मात्र माझ्या नावावर फारसे शोधनिबंध नाहीत. मोठ्या अनुदानासाठी थेट अर्ज करावा का? अनुदान देणाऱ्या संस्था नेमके काय पाहतात?

उत्तर : थेट मोठ्या अनुदानाच्या मागे लागू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. या क्षेत्रात पैसा मुख्यतः तीन ठिकाणांहून येतो. पहिले ठिकाण शासकीय संस्थांचे. अमेरिकेतील ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डायबेटिस अँड डायजेस्टिव्ह अँड किडनी डिसीजेस’ ही त्यांतील सर्वांत परिचित. दुसरे ठिकाण व्यावसायिक संघटना आणि धर्मादाय प्रतिष्ठानांचे, उदाहरणार्थ १९४० मध्ये स्थापन झालेली ‘अमेरिकन डायबेटिस असोसिएशन’ किंवा ‘युरोपियन फाउंडेशन फॉर द स्टडी ऑफ डायबेटिस’. तिसरे ठिकाण औषध व उपकरण कंपन्यांचे. नवोदितांसाठी दुसऱ्या गटातील संस्थांची छोटी अनुदाने आणि पहिल्या गटातील ‘मार्गदर्शकासह’ दिली जाणारी शिष्यवृत्तिवजा अनुदाने हा योग्य दरवाजा आहे. अमेरिकेतील चिकित्सक-संशोधकांसाठीच्या अशा काही अनुदानांत कामाचा किमान ७५ टक्के वेळ संशोधनासाठी राखून ठेवण्याची अट असते. ही अट जाचक वाटली तरी ती अर्जदाराच्या हिताची आहे, कारण बाह्यरुग्ण विभाग सांभाळून उरलेल्या वेळेत केलेले संशोधन बहुधा अर्धवट राहते.

परीक्षक प्रामुख्याने तीन गोष्टी तपासतात : प्रश्न महत्त्वाचा आहे का, निवडलेल्या पद्धतीने त्याचे उत्तर मिळेल का, आणि हे काम याच व्यक्तीकडून, याच ठिकाणी पूर्ण होईल का. शोधनिबंधांची उणीव तिसऱ्या मुद्द्यावर जाणवते. अनुभवी मार्गदर्शक, संख्याशास्त्रज्ञाचा प्रारंभापासूनचा सहभाग आणि पायलट अभ्यासाची (मुख्य अभ्यासाआधीच्या छोट्या चाचपणीची) आकडेवारी यांनी ती बरीचशी भरून काढता येते. पायलट अभ्यासाचा उद्देश मात्र नीट समजून घ्यावा. उपचार गुणकारी आहे हे वीस-पंचवीस रुग्णांवर सिद्ध करणे हा तो उद्देश नव्हे. किती रुग्ण निकषांत बसतात, त्यांतील किती जण संमती देतात, किती जण शेवटच्या तपासणीला परत येतात आणि मोजमापांत किती चढउतार असतो, हे त्यातून कळावे. अनेक अर्जांत पायलट अभ्यासाचे ‘उत्साहवर्धक परिणाम’ ठळकपणे मांडलेले असतात आणि परत येणाऱ्या रुग्णांचे प्रमाण मात्र कोठेच दिलेले नसते. सजग परीक्षक नेमके तेच शोधत असतो.

प्रश्न : टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना गटाने समुपदेशन दिल्यास एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी पातळी टक्क्यांत दाखवणारी तपासणी) कमी होते का, हे पाहण्यासाठी मी एकूण ६० रुग्ण आणि ८ आठवड्यांचा कालावधी असा प्रस्ताव दिला होता. ‘नमुनासंख्या अपुरी, कालावधी अयोग्य’ एवढ्याच शेऱ्यासह तो परत आला. विषय इतका उपयुक्त असताना असे का व्हावे?

उत्तर : विषय उपयुक्त आहे, याविषयी दुमत नाही. परंतु अनुदान आजाराच्या व्याप्तीला मिळत नसून उत्तर देता येईल अशा प्रश्नाला मिळते. म्हणूनच शेरा त्रोटक असला तरी त्यातील दोन्ही आक्षेप रास्त आहेत, आणि दोन्ही दूर करता येण्याजोगे आहेत.

आधी कालावधी पाहू. तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे असते आणि त्या काळात हिमोग्लोबिनला चिकटत गेलेल्या साखरेचे प्रमाण एचबीए१सी दाखवते. तपासणीपूर्वीच्या अलीकडच्या महिन्याचा त्यात मोठा वाटा असला, तरी आधीच्या दोन-तीन महिन्यांची छापही राहते. आठव्या आठवड्याला घेतलेल्या नमुन्यात समुपदेशनापूर्वीची साखर अजून डोकावत असते. त्यामुळे पहिली मोजणी तीन महिन्यांनी आणि परिणाम टिकतो का हे पाहण्यासाठी दुसरी सहा किंवा बारा महिन्यांनी ठेवावी. वर्तनबदलाच्या अभ्यासात ही दुसरी मोजणीच अधिक मोलाची ठरते.

आता नमुनासंख्या. समजा, आपल्या रुग्णांमध्ये एचबीए१सीचे प्रमाण विचलन (आकड्यांतील सर्वसाधारण चढउतार) सुमारे १ टक्का-बिंदू आहे आणि दोन गटांत ०.५ टक्का-बिंदूचा फरक आपणांस ओळखायचा आहे. पाच टक्के सार्थकता पातळी (फरक नसताना तो आहे असे वाटण्याची शक्यता) आणि ८० टक्के सांख्यिकी क्षमता (खरा फरक ओळखता येण्याची शक्यता) धरल्यास प्रत्येक गटात ६३ जण लागतात. पाचांतील एक रुग्ण मध्येच गळेल असे धरले, तर प्रत्येक गटात ७९ आणि एकूण १५८ जण घ्यावे लागतील. फरक ०.३ इतकाच अपेक्षित असेल, तर गळती धरण्यापूर्वीच ही संख्या प्रत्येक गटात १७५ च्या घरात जाते. येथवरचे गणित बहुतेक अर्जदार करतात.

आपल्या प्रस्तावात याखेरीज एक बारकावा आहे आणि परीक्षकांचा रोख बहुधा त्याकडेच असावा. समुपदेशन गटाने दिले जाणार असल्यामुळे एकाच तुकडीतील दहा जणांना तोच समुपदेशक, तेच वातावरण आणि एकमेकांची संगत लाभते, म्हणून त्यांचे निकाल एकमेकांसारखे येऊ लागतात. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ते दहा स्वतंत्र रुग्ण राहत नाहीत. तुकडीअंतर्गत साम्याचा गुणांक केवळ ०.०५ असला, तरी दहा जणांच्या तुकडीसाठी नमुनासंख्या १.४५ पटीने वाढवावी लागते. तुलनेचा गटही अशाच तुकड्यांनी जमणार असेल, तर गळती धरून एकूण २३० च्या आसपास रुग्ण लागतील, आणि विश्लेषणही हे तुकडीतील साम्य धरूनच करण्याचे प्रस्तावात नमूद करावे लागेल.

आणखी दोन सूचना. तुलनेचा गट ठेवणे अनिवार्य माना. एचबीए१सी बरेच वाढलेले असताना निवडलेल्या रुग्णांचे आकडे पुढच्या तपासणीत काही अंशी आपोआप खाली येतात, आणि तुलनेचा गट नसेल तर त्या घसरणीचे श्रेय समुपदेशनाला दिले जाते. त्याचप्रमाणे रक्तक्षय असलेल्या किंवा अलीकडे रक्त चढवलेल्या रुग्णांत ही तपासणी फसवी ठरू शकते, तेव्हा त्यांच्याबाबत काय करणार हे आधीच ठरवून लिहावे. अभ्यासादरम्यान औषधे बदलली गेल्यास त्याची नोंद कशी ठेवणार, हेही सांगावे.

प्रस्ताव परत आला म्हणून तो सोडून देऊ नका. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन या अमेरिकी संशोधकांनी इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांत त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात असे दाखवले, तेव्हा १९५५ मध्ये त्यांचा शोधनिबंध नाकारण्यात आला होता. शीर्षकातील ‘प्रतिपिंड’ हा शब्द बदलून आणि आपला पुरावा कायम ठेवून त्यांनी तो १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे याच कामातून संप्रेरकांचे अत्यल्प प्रमाण मोजणारी रेडिओइम्युनोअ‍ॅसे ही पद्धत विकसित झाली, आणि १९७७ मध्ये यॅलो यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा नकाराचे ते पत्र त्यांनी आपल्या व्याख्यानातच उद्धृत केले. फेरअर्ज करताना प्रत्येक आक्षेपाला क्रमवार, सौम्य आणि नेमके उत्तर द्यावे. जो मान्य नसेल तो का मान्य नाही, हेही पुराव्यासह लिहावे.

प्रश्न : अंदाजपत्रकात कोणते खर्च हमखास राहून जातात?

उत्तर : तपासण्यांचे दर सर्वजण लिहितात. राहतात ते माणसांचे आणि साठवणीचे खर्च : रुग्णांशी संपर्क ठेवणारा समन्वयक, नोंदी संगणकात भरणारी व्यक्ती, रुग्णांचा प्रवासखर्च, औषधचाचणी असल्यास सहभागींचा विमा, आणि रक्तद्रव उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवणाऱ्या फ्रीझरचा देखभाल खर्च. संप्रेरकांच्या अभ्यासात तर सर्व नमुने साठवून शेवटी एकाच वेळी, एकाच संचाने तपासणे श्रेयस्कर असते. त्यामुळे मोठा खर्च शेवटच्या वर्षी येतो, आणि हप्त्यांची मांडणी करताना त्याचा विचार करावा लागतो. कॉर्टिसॉलसारखे संप्रेरक पहाटे-सकाळी वाढते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. त्याचे नमुने ठरावीक वेळी घ्यायचे, तर त्या वेळी हजर राहणाऱ्या कर्मचाऱ्याचे वेतनही अंदाजपत्रकात आले पाहिजे.

प्रश्न : माझा विषय अधिवृक्क (मूत्रपिंडांवरील अ‍ॅड्रिनल) ग्रंथींच्या दुर्मीळ विकारांचा आहे. सगळा पैसा मधुमेहाकडे वळतो, अशी आमची तक्रार आहे. उपाय काय?

उत्तर : तक्रारीत तथ्य आहे. मधुमेहाच्या रुग्णांची संख्या पाहता निधीचा ओघ तिकडे असणे स्वाभाविक असले, तरी दुर्मीळ विकारांच्या रुग्णांवर त्यामुळे अन्याय होतो. अशा विषयांत एकट्या केंद्राने अर्ज करून सहसा काही साधत नाही. अनेक केंद्रांनी समान नमुन्यात नोंदी ठेवणारी रुग्णनोंदवही उभारणे आणि तिच्या आधारे संयुक्त प्रस्ताव देणे हा अधिक खात्रीचा मार्ग आहे. युरोपात २०१७ पासून दुर्मीळ अंतःस्रावी विकारांसाठीचे ‘एंडो-ईआरएन’ हे रुग्णालयांचे जाळे याच विचाराने काम करीत आहे. शिवाय दुर्मीळ विकारांसाठी स्वतंत्र निधी असतो. आपला विषय त्या निकषांत बसतो का, हे अंतःस्रावशास्त्राच्या बाहेर जाऊनही पाहावे.

प्रश्न : औषध कंपनीचा पैसा घेतल्यास संशोधनाची विश्वासार्हता जाते का?

उत्तर : पैसा घेतल्याने आपोआप जात नाही, मात्र करारातील कलमांनी जाऊ शकते. टाइप २ मधुमेहाचे नव्याने निदान झालेल्या ५,१०२ रुग्णांचा ‘युनायटेड किंग्डम प्रॉस्पेक्टिव्ह डायबेटिस स्टडी’ हा अभ्यास १९७७ मध्ये सुरू झाला आणि त्याचे मुख्य निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा, ब्रिटिश डायबेटिक असोसिएशनचा, अमेरिकी शासकीय संस्थांचा आणि अनेक औषध कंपन्यांचाही निधी होता. रक्तशर्करेवर काटेकोर नियंत्रण ठेवल्यास सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती सुमारे एक-चतुर्थांशाने घटतात, हे त्यातून दिसले. पुढे २००८ मध्ये, चाचणी संपून दहा वर्षे झाल्यावरही त्या नियंत्रणाचा लाभ टिकून असल्याचे आढळले. निधी अनेक ठिकाणांहून आलेला असल्यामुळे आणि सूत्रे विद्यापीठातील संशोधकांकडे राहिल्यामुळे या अभ्यासाचा शब्द आजही प्रमाण मानला जातो.

स्वाक्षरी करण्यापूर्वी करारात तीन गोष्टी शोधाव्यात. कच्ची माहिती कोणाच्या ताब्यात राहील? निष्कर्ष प्रतिकूल आले तरी ते प्रसिद्ध करण्याचा अधिकार संशोधकाला आहे का? प्रकाशनापूर्वी मसुदा वाचण्यासाठी कंपनीला मुदत दिली असेल, तर ती ठरावीक दिवसांची आहे की अनिश्चित? यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर तो पैसा घेऊ नये. पहिला रुग्ण सामील होण्यापूर्वी चाचणीची सार्वजनिक नोंदणी करणेही आवश्यक आहे, कारण प्रमुख वैद्यकीय नियतकालिके २००५ पासून तिचा आग्रह धरीत आहेत.

प्रश्न : माझ्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे. मी डॉक्टर नाही, पण संशोधनासाठी दरवर्षी थोडी रक्कम द्यावी असे वाटते. एवढ्याशा पैशाने काही होते का, आणि तो योग्य ठिकाणी जातो हे कसे ओळखावे?

उत्तर : निश्चितच होते. टाइप १ मधुमेहाच्या संशोधनाला पैसा पुरविणारी एक प्रमुख संस्था १९७० मध्ये अशाच पालकांनी स्थापन केली. दीर्घकाळ ती ‘जेडीआरएफ’ या नावाने ओळखली जात असे आणि २०२४ पासून तिचे नाव ‘ब्रेकथ्रू टी१डी’ आहे. या विकाराची सुरुवातच लांबवता येईल का, हा प्रश्न संशोधकांनी दीर्घकाळ लावून धरला. टाइप १ च्या रुग्णांच्या, अत्यंत जोखीम असलेल्या नातेवाइकांपैकी अवघ्या ७६ जणांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. टेप्लिझुमॅब या औषधाच्या चौदा दिवसांच्या एका उपचारक्रमाने निदान मध्यकाच्या (मीडियन) हिशेबाने सुमारे दोन वर्षे पुढे गेले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. एखाद्या मुलाला इन्सुलिनविना मिळालेली दोन वर्षे म्हणजे काय, हे आपणांस आम्ही सांगण्याची गरज नाही.

आपण दिलेला पैसा प्रत्येक वेळी थेट उपचारावर खर्च व्हावा, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. न्यूयॉर्कमधील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयात जॉन एंग हे संशोधक प्राण्यांच्या विषात नवी संप्रेरके शोधत होते. गिला मॉन्स्टर या सरड्याच्या विषात त्यांना एक्सेंडिन-४ हा पदार्थ सापडला आणि १९९२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. आतड्यातील जीएलपी-१ या संप्रेरकासारखे काम करणारा, परंतु शरीरात त्याहून अधिक काळ टिकणारा हा पदार्थ होता. त्यावर आधारित एक्सेनाटाइड हे टाइप २ मधुमेहावरील औषध २००५ मध्ये मान्य झाले आणि औषधांच्या एका मोठ्या वर्गाची वाट खुली झाली. सरड्याच्या विषावरील अभ्यासासाठी देणगी मागितली असती, तर फारच थोड्यांनी ती दिली असती. मूलभूत संशोधनाला वाव देणारी संस्था निवडावी, असे आम्ही आग्रहाने म्हणतो ते यामुळेच.

देणगी देण्यापूर्वी संस्थेचा वार्षिक अहवाल मागवावा. एकूण खर्चापैकी संशोधनावर किती आणि प्रचार-प्रशासनावर किती झाला, हे त्यात स्पष्ट दिलेले असावे. प्रस्तावांची निवड बाहेरचे तज्ज्ञ करतात की संस्थेचे पदाधिकारीच, हे विचारावे. मागील काही वर्षांत अनुदान मिळालेल्या प्रकल्पांची यादी आणि त्यांचे निष्कर्ष सर्वांना वाचता येतात का, हे पाहावे. त्या यादीत अपेक्षेप्रमाणे निकाल न आलेले प्रकल्पही दिलेले असतील, तर त्या संस्थेला पैसा देण्यास हरकत नाही. काही संस्थांच्या परीक्षक मंडळांत रुग्णांना व पालकांनाही स्थान दिले जाते. आपल्या निवडलेल्या संस्थेत तशी सोय असल्यास देणगीबरोबरच त्या कामासाठीही आपले नाव अवश्य कळवावे.