प्रायश्चित्त भोगत नाहीत, घेतात

एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. त्या राजकीय थरारकथा लिहीत आहेत. दोन जिवलग मित्रांपैकी एक मंत्र्याचा स्वीय सहायक. तो मित्राची गुप्त कागदपत्रं विरोधकांच्या हाती देतो, मित्र तुरुंगात जातो आणि पुढे हा सहायक आपण होऊन सगळं कबूल करतो. कथेच्या तीन भागांना त्यांनी नावं दिली आहेत: ‘गद्दारी’, ‘पश्चाताप’, ‘प्रायश्चित’. पहिलं नाव बरोबर आहे का, की ‘फितुरी’ किंवा ‘दगा’ हवं? आणि शेवटच्या भागाला ‘उद्धार’ म्हटलं तर?

पहिलं चटकन सांगतो. माणूस पक्षाशी गद्दारी करतो, शत्रूला फितूर होतो आणि मित्राला दगा देतो. तुमचा दुखावलेला माणूस मित्र आहे, म्हणून ‘दगा’. उद्धार दुसरा कुणीतरी करतो, तुमचा नायक स्वतः काहीतरी करतो आहे, म्हणून ‘उद्धार’ नको.

आता त्या दोन नावांतून गळालेल्या त बद्दल. पश्चात् + ताप = पश्चात्ताप. पहिला त ‘पश्चात्’चा, दुसरा ‘ताप’चा. एक खाल्ला की ‘पश्चात्’ अर्धवट तुटतो. तसंच ‘प्रायश्चित्त’. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत, मालिकांच्या नावांत, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरसुद्धा ‘प्रायश्चित’ छापतात. बोलीत ‘प्राचित’ म्हणतात, त्याला माझी काहीच हरकत नाही. तो घासून गुळगुळीत झालेला अस्सल मराठी शब्द आहे. पण तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द लिहायचा ठरवलात तर तो पुरा लिहा.

याहून मोठी चीड मला क्रियापदाची येते. ‘अखेर त्याला आपल्या कर्माचं प्रायश्चित्त भोगावं लागलं.’ हे वाक्य रोज कुठेतरी कानावर पडतं. अहो, भोगतात ती शिक्षा. भोगतात ते फळ. प्रायश्चित्त देतात, घेतात, करतात. चोर पकडला गेला आणि तुरुंगात गेला, तर त्याने प्रायश्चित्त घेतलं असं होत नाही. ते त्याला मागावं लागतं.

हा शब्द मुळात आला कुठून? जुन्या वैदिक गद्यात त्याचं रूप ‘प्रायश्चित्ति’ असं आहे, आणि तिथे पापाचा विषय बहुतेक नसतोच. ऐतरेय ब्राह्मण या यज्ञविधी सांगणाऱ्या ग्रंथात एकामागून एक प्रश्न येतात. अग्निहोत्राची गाय दूध काढताना खाली बसली तर? ‘का तत्र प्रायश्चित्तिः’, तिथे प्रायश्चित्ति काय? गाय हंबरली तर? उत्तर असं की ती भूक सांगते आहे, तिला खायला घालावं. धारोष्ण दूध सांडलं तर? प्रत्येक वेळी तोच प्रश्न आणि प्रत्येक वेळी करायचं काहीतरी. यज्ञ चालू आहे, मध्येच काही बिघडलं, आता तो पुढे कसा न्यायचा, एवढाच मुद्दा. म्हणजे प्रायश्चित्ति ही दुरुस्ती आहे. गाईला खायला घाला हे प्रायश्चित्त! मला या शब्दाच्या इतिहासात याहून सुंदर जागा दुसरी सापडलेली नाही.

मोनियर विल्यम्स आपल्या संस्कृत कोशात या शब्दाची फोड ‘प्रबळ विचार’ किंवा ‘मरणाचा विचार’ अशी देतो. ‘प्रायोपवेशन’ म्हणजे अन्न सोडून मरणाची वाट पाहणं, त्यातल्या ‘प्राय’ने त्याला भुलवलं असणार. पण सांडलेल्या दुधापाशी मरणाचा विचार कोण करतं? कोशकार मोठा असला तरी इथे त्याने शब्द वापरणाऱ्यांकडे पाहिलंच नाही. आपल्याकडचे पंडित एक श्लोक फेकतात: प्राय म्हणजे तप, चित्त म्हणजे निश्चय. पाठांतराला छान आहे, पण ही अर्थाची फोड नंतर बसवलेली आहे. ‘प्राय’ म्हणजे तप हे हा श्लोक सोडून कुठे दाखवणार? आणि ‘प्रायः’ म्हणजे बहुतेक, म्हणून बहुतेक मन, असं सांगणाऱ्यांना तर उत्तरच देऊ नये. मधला श् हा विसर्गाचा नाही, तो आगम आहे, म्हणजे मध्ये जादा येणारा वर्ण. वैयाकरण हा शब्द पाणिनीच्या ‘पारस्करप्रभृतीनि च संज्ञायाम्’ या सूत्राखाली घेतात ते त्यासाठीच. माझं मत असं: ‘प्र’ आणि ‘इ’, म्हणजे पुढे जाणं. जे हातून निसटून पुढे गेलं ते ‘प्राय’, आणि त्याचं भान ती ‘चित्ति’. काय निसटलं हे आधी ओळखायचं आणि मग सावरायचं. ब्राह्मणग्रंथातले सगळे प्रसंग या अर्थात चपखल बसतात, बाकीच्या फोडींत एकही नीट बसत नाही.

पुढे धर्मशास्त्रात या शब्दाला पाप चिकटलं, तरी तो शिक्षेपासून वेगळाच राहिला. याज्ञवल्क्यस्मृतीचे तीन अध्याय आहेत: आचार, व्यवहार, प्रायश्चित्त. राजाचा दंड व्यवहारात, म्हणजे न्यायनिवाड्यात येतो. प्रायश्चित्ताला स्वतंत्र अध्याय आहे.

म्हणूनच पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांच्या तोंडचा ‘देहान्त प्रायश्चित्त’ हा शब्द लोक ‘फाशीची शिक्षा’ असा वाचतात तेव्हा मला राहवत नाही. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. गादीवर बसला तो चुलता, रघुनाथराव ऊर्फ राघोबा. खुनाचा ठपका ज्याच्यावर, सत्ता त्याच्याच हाती. अशा माणसाला दंड कोण करणार? तेव्हा न्यायाधीशाने दंड सांगितला नाही, प्रायश्चित्त सांगितलं, आणि ते देहान्ताचं होतं. म्हणजे मी तुला मारू शकत नाही, पण शास्त्राप्रमाणे तुझ्यापुढे वाट एवढीच आहे, ती तू घे. राघोबांनी ती घेतली नाही. त्यांच्याविरुद्ध बारभाई, म्हणजे पेशवाईतले कारभारी, एक झाले, त्यांत सखारामबापू बोकील होते, जे वर्षानुवर्षं राघोबांचे माणूस म्हणून ओळखले जात. १७७५मध्ये राघोबांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला. त्या सबंध प्रकरणात दगा आहे, फितुरी आहे, पण प्रायश्चित्त सांगितलं गेलं आणि तसंच पडून राहिलं.

तुम्हाला ते घेतलेलं पाहायचं असेल तर शंभर वर्षं मागे जा. नेतोजी पालकर, शिवाजी महाराजांचा सरनोबत म्हणजे सेनापती, लोक ज्याला प्रतिशिवाजी म्हणत. १६६६मध्ये पन्हाळ्याच्या हल्ल्याला वेळेवर पोचला नाही, सरनोबती गेली, तो विजापूरकरांकडे गेला, तिथून मोगलांकडे. महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबाने त्याला पकडवलं, मुसलमान केलं, महंमद कुलीखान नाव देऊन काबूलकडे धाडलं. दहा वर्षांनी तो परतला, आणि १६७६मध्ये त्याने प्रायश्चित्त घेतल्याची नोंद जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याच्या कालवार नोंदींत आहे. ‘घेतल्याची’, ताई. त्याला पुन्हा पंक्तीत घेतलं. सरनोबती मात्र परत मिळाली नाही, ती हंबीरराव मोहित्यांकडेच राहिली. तुमच्या सहायकालाही शेवटी जुनी खुर्ची देऊ नका.