टाचेच्या तपासणीत टीएसएच खूप जास्त आलाय, पण बाळ तर छान दिसतंय. गोळी लगेच सुरू करावी की थांबून पुन्हा तपासावं?

गोळी आजच सुरू करा. उत्तराचा बाकीचा भाग नंतर वाचलात तरी चालेल.

तुम्ही दिलेले आकडे असे: चौथ्या दिवशी टाचेच्या रक्तात टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम करायला सांगणारं संप्रेरक, ६२, अकराव्या दिवशी शिरेतून घेतलेल्या रक्तात १०० च्या वर, आणि फ्री टी-४, म्हणजे थायरॉइड स्वतः बनवते ते थायरॉक्सिन, फक्त ०.४. डॉक्टरांनी त्याच थायरॉक्सिनची गोळी, साडेसदतीस मायक्रोग्रॅम, लिहून दिलीय. घरच्यांचं म्हणणं, बाळ तीन किलोचं आहे, दूध पितं, मुळीच रडत नाही, मग एवढ्याशा जिवाला जन्मभराची गोळी कशाला? महिनाभर थांबू, दुसऱ्या लॅबमध्ये बघू.

मी तालुक्याच्या गावातला बालरोगतज्ज्ञ आहे. 'महिनाभर थांबू' हे वाक्य मला नवीन नाही, आणि ते नेहमी मायेपोटीच येतं. पण या एका आजारात, म्हणजे जन्मतः थायरॉइड कमी असण्यात, तो महिना परत मिळत नाही.

तुमच्या दिरांनी वाचलेली गोष्ट मात्र खरी आहे. जन्मल्यावर अर्ध्या तासात प्रत्येक बाळाचा टीएसएच उसळतो, ६०-८० पर्यंतही जातो आणि मग दोन-तीन दिवसांत उतरतो. म्हणूनच टाचेचं रक्त ४८ तास उलटल्यावर घेतलेलं बरं. पहिल्याच दिवशी घेतलं तर धडधाकट बाळंही उगाच यादीत येतात. तुमचा नमुना चौथ्या दिवसाचा आहे. नंतर शिरेतल्या रक्तात आकडा उतरायच्या ऐवजी चढलाय आणि टी-४ खाली आहे. टीएसएच म्हणजे मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा मुकादम समजा. थायरॉइडकडून काम होत नाही, म्हणून तो ओरडतोय. नुसता आवाज चढला असता, म्हणजे टीएसएच १५ आणि टी-४ व्यवस्थित असता, तर मीही म्हटलं असतं की आठवड्याने पुन्हा बघू. इथे आवाजही चढलाय आणि कामही झालेलं नाही. तिसऱ्यांदा तपासून नवीन काही कळणार नाही.

मग बाळ छान कसं दिसतं? कारण पोटात असताना तुमचं थायरॉक्सिन वारेतून त्याला मिळत होतं. त्या शिदोरीवर पहिले काही दिवस निघतात. जन्मतः थायरॉइड कमी असलेली बहुतेक बाळं सुरुवातीला अशीच दिसतात. लक्षणं हळूहळू येतात: कावीळ दोन-तीन आठवडे रेंगाळते, शी चार-चार दिवस होत नाही, बेंबी फुगून बाहेर येते, जीभ मोठी वाटते, रडणं घोगरं होतं, हातपाय गार पडतात, मागची टाळू मोठी लागते. आणि बाळ झोपाळू होतं. आपल्याकडे याचं कौतुक होतं, 'किती गुणाचं बाळ, आईला त्रासच देत नाही'. तुमच्या आईंना नाराज करायचं नाही, पण मुळीच न रडणारं बाळ दिसलं की मला आनंद होत नाही.

ही लक्षणं दिसेपर्यंत थांबलं, तर मेंदूचं नुकसान सुरू झालेलं असतं. पहिली तीन वर्षं मेंदूची वाढ या संप्रेरकावर फार अवलंबून असते, त्यातही पहिले आठवडे सगळ्यात जास्त. पहिल्या दोन आठवड्यांत पुरेसा डोस सुरू झाला, तर ही मुलं बहुतेक वेळा इतरांसारखीच शिकतात, वाढतात. तुमचा आज बारावा दिवस आहे, म्हणजे तुम्ही वेळेत आहात. हे दर वेळी घडत नाही. आपल्या देशात साधारण हजार-अकराशे बाळांमागे एकाला हा आजार सापडतो, तरी प्रत्येक नवजात बाळाची ही तपासणी अजून सक्तीची नाही. गोव्याने २००८ मध्ये राज्यभर अशी तपासणी सुरू केली होती. बाकी बहुतेक ठिकाणी ती रुग्णालयाच्या आणि पालकांच्या मर्जीवर असते. तुमच्या डॉक्टरांनी ती केली याबद्दल मला त्यांचं कौतुक आहे.

आता डोस. सासूबाई स्वतः ५० ची गोळी घेतात आणि बाळाला साडेसदतीस, हे ऐकून त्या दचकल्या असं तुम्ही लिहिलंय. दचकणं साहजिक आहे, पण डोस बरोबर आहे. नवजात बाळाला किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम लागतं, मोठ्या माणसाला जेमतेम दीड. तीन किलोला ३० ते ४५ होतात, म्हणून २५ ची दीड गोळी. घाबरून अर्धी देऊ नका. सुरुवातीला टी-४ पटकन वर आणणं हाच तर उद्देश आहे. डोस जास्त झालाच तर बाळ सतत किरकिर करतं, झोपत नाही, घामाघूम होतं, छाती धडधडते. तसं वाटलं तर डॉक्टरांना दाखवा, मनाने कमी करू नका.

गोळी द्यायची कशी यावर मी चिठ्ठी लिहिण्यापेक्षा जास्त वेळ घालवतो, कारण गाडी बहुतेक इथेच अडते. स्टीलच्या छोट्या चमच्यात गोळी दुसऱ्या चमच्याने चुरा, त्यात थोडं अंगावरचं काढलेलं दूध किंवा उकळून गार केलेलं पाणी घाला आणि लगेच पाजा. चमच्याला पूड चिकटली तर पुन्हा थोडं दूध फिरवून तेही द्या. बाटलीभर किंवा बोंडलंभर दुधात मिसळू नका. बाळ निम्म्यावर झोपलं की औषधही निम्मंच गेलं. बाळगुटीत उगाळू नका. औषधाच्या दुकानात पातळ करून मागू नका, त्यात मात्रा सारखी राहत नाही. कॅल्शियमचे थेंब आणि पुढे सुरू होणारे लोहाचे थेंब यांच्यात आणि या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा. गॅसचे थेंबही त्याच वेळी नकोत. सोयाचं दूध सुरू करावं लागलं तर आधी विचारा. सकाळ की संध्याकाळ हे तुमच्या सोयीने, पण रोज एकाच वेळी. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पुन्हा द्या. राहून गेली तर त्या दिवशी आठवेल तेव्हा द्या. डबी ओलाव्यात, उन्हात ठेवू नका.

दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं, मग सहा महिन्यांपर्यंत साधारण दर दोन महिन्यांनी. रक्त द्यायच्या दिवशी गोळी नमुना दिल्यानंतर द्या. टी-४ आधी ठीक होतो, टीएसएच थोडा मागून उतरतो, तेव्हा पहिल्या रिपोर्टला धीर सोडू नका. वजन वाढेल तसा डोसही बदलेल. याच काळात कानांची तपासणी, बेरा, करून घ्या. या मुलांत ऐकू कमी येण्याचं प्रमाण थोडं जास्त असतं.

'जन्मभर' याचं उत्तर आज कोणीच देऊ नये. ग्रंथी तयारच झाली नसेल किंवा भलत्या जागी, उदाहरणार्थ जिभेच्या मुळाशी, असेल, तर गोळी कायमची. सोनोग्राफी आणि थायरॉइड स्कॅनवरून ते कळतं. तुमच्या गावात स्कॅन होत नसेल तर त्यासाठी गोळी थांबवायची नाही. गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत स्कॅन झाला तरी चालतो, सोनोग्राफी तर कधीही. ग्रंथी जागेवर असेल, तर तिसऱ्या वर्षानंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली महिनाभर गोळी बंद करून बघतात. काही मुलांची तेव्हा कायमची सुटते. म्हणजे घरच्यांना हवा असलेला 'थांबून बघण्याचा' महिना मिळेल, पण तेव्हा.

अजून एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. तुमचं लग्न नात्यातलं आहे, मामाच्या मुलाशी, असं तुम्ही ओघात लिहिलंय. ग्रंथी आहे पण संप्रेरक तयार करू शकत नाही, असा प्रकार निघाला तर तो आनुवंशिक असू शकतो आणि पुढच्या प्रत्येक बाळाला चारात एक शक्यता राहते. हे डॉक्टरांना सांगा. तुमची स्वतःची थायरॉइड तपासणीही करून घ्या. आणि तुम्ही बाळंतपणाला माहेरी आहात, तेव्हा सासरी जाताना सगळे रिपोर्ट, टाचेच्या तपासणीचा कागद आणि दोन महिन्यांच्या गोळ्या पिशवीत असू द्या. तिथल्या डॉक्टरांची वेळ निघण्याआधीच घ्या.