मोबाइलवर घरच्या घरी हाउजी (तंबोला) कशी खेळावी? पैसे भरावे लागतात का?

अजिबात नाही. प्ले स्टोअरवर नुसते आकडे पुकारणारी फुकट अ‍ॅप्स मिळतात, तेवढं एक पुरे. विदेशी बिंगो घेताना मात्र बघून घ्या: अमेरिकन प्रकारात ५ बाय ५ चा चौकोन आणि ७५ आकडे असतात. आपल्या हाउजीत १ ते ९० आकडे, तिकिटावर तीन ओळी, प्रत्येक ओळीत पाच, म्हणजे एकूण १५ आकडे.

आम्ही रविवारी रात्री व्हिडिओ कॉलवर खेळतो. एकाच्या फोनवर अ‍ॅप आकडे पुकारतं, तिकिटांचे फोटो आधीच ग्रुपवर टाकलेले असतात. आई मात्र तिकीट वहीच्या कागदावर उतरवून घेते आणि आकडा आला की त्यावर चिंचोका ठेवते. तिला एकच आकडा हवा असला की सगळ्यांना कळतं, कारण ती बोलायचीच थांबते! अ‍ॅपमध्ये आकडे आपोआप खोडायची सोय असेल तर बंद ठेवा. आकडा शोधण्यातच खरी मजा आहे.

बक्षिसं आधीच ठरवा: पहिले पाच, चार कोपरे, तिन्ही ओळी, फुल हाउस. आमच्याकडे फुल हाउसवाल्याला पुढच्या भेटीत पुरणपोळी.

पैसे लावायला सांगणाऱ्या अ‍ॅपपासून लांबच राहा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि मुलांच्या हातात तोच फोन असतो.