पेलिकन बघायचा राहिला

"मॅडम, इतके पैसे घालून लंडनला नेलं आणि ह्याला कशाचीच किंमत नाही. सहा वर्षांचा मुलगा एवढा हट्टी असतो का?"

दर सुट्टीनंतर हा प्रश्न कुणी ना कुणी माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन येतं. (ह्या कुटुंबाची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) ह्या वेळी आलेल्या आईने फोनमधला फोटो दाखवला. टॉवर ब्रिजसमोर चौघं हसताहेत. त्यानंतर दहा मिनिटांनी मुलाने रस्त्यावरच बसकण मारली, नवरा ओरडला आणि तिने भर गर्दीत मुलाच्या पाठीत धपाटा घातला. दोन महिने झाले तरी तो धपाटा तिच्या डोक्यातून जात नव्हता.

मी लगेच मुलांच्या थकव्यावर बोलायला लागले आणि ती गप्प झाली. चूक माझी होती. तिला व्याख्यान नको होतं. मग म्हटलं, "तो दिवस मला घड्याळ लावून सांगा."

मुलगा पहाटे साडेतीनला टक्क जागा होता. पश्चिमेकडे प्रवास केला की शरीर जुन्याच वेळेवर चालतं, त्यामुळे तिथल्या पहाटे ते म्हणतं सकाळ झाली. ह्या वयाला नऊ ते बारा तास झोप लागते. त्याला जेमतेम सहा मिळाली होती. सव्वादहापासून बकिंगहॅम राजवाड्यासमोर उभं राहायचं, कारण अकराला पहारा बदलतो. मग सेंट जेम्स पार्कमधून भराभर चालत लंडन आय ह्या भल्यामोठ्या पाळण्याकडे, कारण एकची वेळ बुक केलेली. तिथून टॉवर ऑफ लंडन, राजमुकुट बघायला. धाकटी तीन वर्षांची, ती बाबागाडीत झोपली होती. त्या दिवशी सगळ्यात सुखी तीच!

"पार्कमध्ये काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. तिथे पेलिकन पक्षी होते, हा हलेचना. ओढून न्यावं लागलं."

सेंट जेम्स पार्कमध्ये पेलिकन आहेत ते 1664 पासून. रशियाच्या राजदूताने ते राजाला भेट दिले होते. म्हणजे मुलगा साडेतीनशे वर्षांचं लंडन बघत होता, फक्त ते वडिलांच्या यादीत नव्हतं.

पुढच्या भेटीत तो आला. लंडनचं चित्र काढ म्हटल्यावर त्याने कागदभर उभ्या रेघा ओढल्या. "हे सगळे पाय," तो म्हणाला. राजवाड्यासमोरचा पाऊण तास त्याने जमिनीपासून जेमतेम एक मीटरवरून पाहिला होता. तिथून ना लाल कोट दिसतात ना बँड, दिसतात ते लोकांचे गुडघे आणि पाठीवरच्या पिशव्या. कागदाच्या कोपऱ्यात चोचीखाली थैली असलेला एक मोठा पक्षी होता. लंडन आय कुठेच नव्हतं. 135 मीटर उंचीच्या त्या पाळण्याची एक फेरी अर्ध्या तासाची. त्याच्या लेखी ती दहाव्या मिनिटाला संपली होती.

आई बराच वेळ चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आता माफी मागितली तर चालेल? दोन महिन्यांनी?" मी म्हटलं, मागा, पण थोडक्यात. 'तू दमला होतास, मी मारलं, ते चुकलं.' ह्यात 'पण' आला की ती माफी राहत नाही. तिने मागितली. त्यावर तो एवढंच म्हणाला, "मला पेलिकन बघायचा होता."

तिसऱ्या भेटीला नवरा आला, जरा घुश्शातच. धाकटीला ह्यातलं काही आठवणार का, हा त्याचा पहिला सवाल. खरं सांगितलं: बहुधा नाही. साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी बहुतेकांना आठवत नाही. "मग नेऊन उपयोग काय?" तो म्हणाला. मी विचारलं, तुम्हाला स्वतःला काय बघायचं होतं? तो थांबला. राजमुकुटाचं चित्र त्याने लहानपणी पुस्तकात पाहिलं होतं. ती यादी मुलांसाठी नव्हतीच. त्यातला निम्मा दिवस त्याच्या स्वतःच्या बालपणासाठी होता. मला त्यात गैर वाटत नाही. गैर एवढंच, की तो भार सहा वर्षांच्या पोराने उचलावा अशी अपेक्षा होती.

मग आम्ही तोच दिवस कागदावर पुन्हा मांडला. ठरलेली गोष्ट एकच, तीही सकाळी, कारण मुलं तशीही पहाटेच उठतात. फुकट असलेल्या जागा आधी. नॅचरल हिस्टरी म्युझियमला प्रवेश मोफत आहे, त्यामुळे छताला टांगलेला 25 मीटरचा निळ्या देवमाशाचा सांगाडा बघून चाळीस मिनिटांत बाहेर पडलं तरी जिवाला लागत नाही. महागडं तिकीट पालकांना थांबायला लावतं, मुलांना नाही. दुपार मोकळी. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर तीच सहल. आणि मुलगा कोसळायच्या आधी परतायचं. तो चिडायला लागला म्हणजे उशीर झालेलाच असतो.

"आणि राजमुकुट?" नवऱ्याने विचारलं.

"तू एकटा जा," बायको म्हणाली, "मी मुलांना घेऊन बागेत बसते."

"एकटा?" तो म्हणाला. मग त्याला हसू आलं. एकट्यानेच जाऊन निवांत बघायचं होतं, हे कबूल करायला त्याला आणखी दहा मिनिटं लागली.